डब कशाला म्हणावे?

प्रश्न : डब हा रेगेचा, म्हणजे जमैकातील लोकप्रिय संगीतप्रकाराचा, उपप्रकार आहे असे मी एके ठिकाणी वाचले, दुसरीकडे ते केवळ ध्वनिमिश्रणाचे तंत्र असल्याचे म्हटले होते. बर्लिनच्या टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतालाही डब हे नाव लावलेले दिसते. मग डबची नेमकी व्याख्या काय करावी?

उत्तर : आपण वाचलेल्या दोन्ही विधानांत तथ्य आहे, परंतु त्यांपैकी एकट्यावर उभी केलेली व्याख्या लगेच तोकडी पडते. रेगेचा उपप्रकार एवढेच म्हटले, की गायनाविना वाजवलेली रेगेची कोणतीही धून त्यात शिरते. तंत्र एवढेच म्हटले, की भरपूर प्रतिध्वनी असलेले कोणतेही गाणे डब ठरते. माझ्या मते डबची व्याख्या कृतीवरून करावी. आधी ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्याचे सुटे ट्रॅक (गायन, ड्रम, बेस गिटार यांची वेगवेगळी ध्वनिमुद्रणे) हाताशी घेऊन, ते वाजत असतानाच मिक्सिंगच्या टेबलावरून काही भाग काढून घेत, काही परत आणत, काही प्रतिध्वनीत सोडून देत जी नवी रचना घडवली जाते, ती डब. आणि ही कृती जमैकात, रेगेच्या व तिथल्या साउंड सिस्टिमच्या पोटी जन्मली, हेही त्या व्याख्येतच आले पाहिजे. ती बाब पादटीपेत ढकलणे अन्यायाचे होईल.

जमैकाची राजधानी किंग्स्टन आणि आसपासच्या वस्त्यांत लोक संगीत ऐकत ते मोकळ्या जागेत मांडलेल्या प्रचंड स्पीकरांवर. अशा फिरत्या संचाला साउंड सिस्टिम म्हणतात. इतरांकडे नसलेले गाणे आपल्याकडे वाजावे म्हणून हे संचचालक स्टुडिओतून अ‍ॅसिटेटची खास तबकडी कापून घेत. ती डबप्लेट, आणि डब हे नाव तिच्याशीच जोडलेले आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस स्पॅनिश टाउनचा संचचालक रुडी रेडवूड याच्यासाठी ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओत पॅरागॉन्स या गायकवृंदाच्या गाण्याची अशी तबकडी कापली जात असताना तंत्रज्ञ बायरन स्मिथकडून गायनाचा ट्रॅक गळला. रेडवूडने ती तबकडी तशीच गर्दीपुढे लावली आणि राहिलेली जागा लोकांनीच गाऊन भरून काढली, अशी आठवण सांगितली जाते. पुढे एकेरी तबकडीच्या मागच्या बाजूला गायनाविना तीच धून देण्याची रीत पडली. तिला व्हर्जन म्हणू लागले आणि यू-रॉयसारखे डीजे त्यावर आपले बोल चढवू लागले.

इथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. व्हर्जन म्हणजे अजून डब नव्हे, कारण व्हर्जनमध्ये मिश्रण करणारा गायन बाजूला ठेवतो आणि पुढे काहीच करत नाही. तो करू लागला की डब सुरू होते, आणि त्याचे श्रेय मुख्यतः किंग टबी, म्हणजे ऑस्बोर्न रडॉक (१९४१–१९८९), याच्याकडे जाते. टबी मूळचा इलेक्ट्रॉनिक यंत्रांची दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ. वॉटरहाउस भागातील त्याच्या घरातल्या स्टुडिओत वादकांचा ताफा बसवण्याइतकी जागा नव्हती. तिथे बनी लीसारख्या निर्मात्यांनी आणलेल्या टेपा, गायकांचा आवाज आणि डायनॅमिक स्टुडिओकडून घेतलेला चार ट्रॅकचा मिक्सर एवढ्यावरच काम चाले. या मर्यादेतूनच ही कला घडली, असे मला ठामपणे वाटते.

त्या काळचे एखादे डब कान देऊन ऐकावे. गायकाची अर्धी ओळ येते आणि तिचा शेवटचा शब्द टेपच्या प्रतिध्वनीत फिरत विरून जातो. गिटार आणि ऑर्गनचे फेडर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या) खाली येतात. उरतात ड्रम आणि बेस. तिसऱ्या मात्रेवरचा स्नेअर ड्रमचा एकच ठोका रिव्हर्बमध्ये, म्हणजे घुमणाऱ्या आवाजात, सोडला जातो, पुढचा मात्र कोरडा ठेवला जातो. मग हाय-पास फिल्टरचे बटण टप्प्याटप्प्याने फिरते, खालचे स्वर गळून पडतात, हाय-हॅट ही ड्रमसंचातली झांज पत्र्यासारखी पातळ वाजू लागते, आणि ऐकणारा अस्वस्थ होत असतानाच बेस पूर्ण वजनानिशी परत येतो. हे सारे टेप चालू असताना, हाताने, त्या क्षणी ठरवून केलेले असते. त्याच टेपवरून दुसऱ्या दिवशी केलेले डब वेगळे निघते, आणि म्हणूनच मिक्सर हे इथे वाद्य ठरते.

प्रश्न : मग डब आणि रीमिक्स यांत फरक काय? डबमध्ये फक्त वजाबाकीच असते का?

उत्तर : वजाबाकी हे डबचे मुख्य अंग आहे, पण ती अट करू नये. ऑगस्टस पाब्लोने आपल्या मेलोडिकाचे (फुंकून वाजवायच्या, पट्ट्या असलेल्या वाद्याचे) सूर डबमध्ये आणले. ली ‘स्क्रॅच’ पेरीने ब्लॅक आर्क या आपल्या स्टुडिओत टेपवर थरावर थर चढवत नाना तऱ्हेचे आवाज मिसळले. त्यांना डबच्या बाहेर काढणारी व्याख्या चुकीचीच म्हणावी लागेल. रीमिक्स हा फार मोठा वर्ग आहे, आणि त्यात मूळ गाण्यातला गायनाचा ट्रॅक तेवढा ठेवून बाकी सगळे नव्याने रचलेले असले तरी चालते. डबमध्ये मात्र मूळ ध्वनिमुद्रणाचा सांगाडा, विशेषतः ड्रम आणि बेस, ओळखू येईल असा राहतो.

मूळ गाणे रेगेचेच हवे का, हा खरा अवघड प्रश्न आहे. लंडनमध्ये अरिवा स्टुडिओ चालवणाऱ्या मॅड प्रोफेसरने १९९५ मध्ये ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या गटाच्या अल्बमचे डब केले. मूळ गाणी रेगेची नव्हती, परंतु हात, रीत आणि परंपरा साउंड सिस्टिमचीच होती. मी त्याला निःसंकोच डब म्हणतो.

प्रश्न : डबस्टेप आणि डब टेक्नो यांनाही डब म्हणायचे का?

उत्तर : नाही. डबस्टेप २००० च्या सुमारास दक्षिण लंडनमध्ये, गराज या तिथल्या नृत्यसंगीतातून घडले. डब टेक्नोला १९९३ पासून बर्लिनच्या बेसिक चॅनल या जोडीने आकार दिला. दोन्हींनी डबकडून खोल बेस, मोकळी जागा आणि प्रतिध्वनी घेतले. पण तिथे बहुतेक वेळा आधीचे गाणेच नसते. रचना पहिल्यापासून तशीच केलेली असते. त्यामुळे त्यांची जोडनावे योग्य आहेत, आणि ती पूर्णच वापरावीत.

ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहात डबची नोंद करताना याहून मोठी गफलत वेगळीच होते. कित्येक डब अल्बमांवर निर्मात्याचे नाव ठळक असते आणि मिक्स करणाऱ्याचे बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. तेव्हा नोंदीत मिक्स करणाऱ्याचे नाव पहिले लिहावे, त्याखाली मूळ गाणे व गायक, मग वादक आणि शेवटी निर्माता.