डब्याचा आकडा खरा की कोअरचा?

प्रश्न : आमच्या गावावरून जाणाऱ्या राज्य महामार्गाचं डांबरीकरण गेल्या महिन्यात झालं. रोलर फिरून गेला की एक मुलगा दांड्याचा गोल डबा रस्त्यावर टेकवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. दोन दिवसांनी मशीन आणून नव्याकोऱ्या रस्त्याला भोकं पाडली. डब्यानं घनता कळते, तर भोकं कशाला? अहवालात 98 टक्के लिहिलंय, ते चांगलं समजायचं का?
— ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा

उत्तर : भोकं पाडली हे चांगलंच झालं, दादा. त्या भोकातून निघतो तो थराचा गोल तुकडा म्हणजे कोअर. मी 28 वर्षं रस्त्याच्या प्रयोगशाळेत कोअर तोलले. दबाई चालू असताना डबा फार उपयोगाचा, पण काम पास करायचं ते कोअरवरच.

डबा थरात विद्युत लहर सोडतो. त्या लहरीला कुठला पदार्थ किती प्रतिसाद देतो, ते सांगणारा आकडा म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक. हवेचा 1, खडी-डांबराचा साधारण 5 ते 6 आणि पाण्याचा 80 च्या घरात. पोकळी कमी झाली की आकडा चढतो, पण रोलरच्या चाकावर सोडलेलं पाणी थरावर राहिलं तरीही चढतो! म्हणून मुलगा आधी जागा फडक्यानं पुसतो का, हे मी पाहायचो. खडीची खाण बदलली की डबा पुन्हा कोअरशी जुळवून घ्यावा लागतो. गॅमा किरणांचा गेजही असतो. त्याला अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते आणि तोही कोअरशी जुळवावाच लागतो.

कोअरचं वजन तीनदा करतात: कोरडा, पाण्यात बुडवलेला आणि बाहेर काढून वरवर पुसलेला. समजा कोरडा 738 ग्रॅम, पुसलेला 740 आणि पाण्यात 426 भरला. 740 मधून 426 गेले, 314 राहिले. 738 भागिले 314 म्हणजे 2.350, ही कोअरची घनता. त्याच दिवशीच्या सुट्या मालातली सगळी हवा काढून मोजलेली कमाल घनता, म्हणजे जीएमएम, 2.500 असेल तर दबाई 94 टक्के आणि पोकळी 6 टक्के. पोकळी 8 टक्क्यांच्या वर गेली की छिद्रं एकमेकांना जोडली जातात आणि पाणी आत शिरतं. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत जीएमएमच्या किमान 92 टक्के म्हटलंय ते याच हिशेबानं.

आता तुमचे 98. ते कशाचे 98, हे आधी विचारा. जीएमएमचे असतील तर पोकळी फक्त 2 टक्के. उन्हाळ्यात डांबर वर येऊन चाकोऱ्या पडायची भीती. प्रयोगशाळेत ठोकलेल्या मार्शल नमुन्याचे असतील आणि त्या नमुन्यात 4 टक्के पोकळी असेल, तर तुमचा रस्ता जीएमएमच्या 94 टक्के झाला. ते उत्तम.

घाटातलं एक काम माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. जानेवारीची पहाट, प्लांट दूर, टिपरवर ताडपत्री नाही. व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचा माल पसरताना निदान 140 अंश हवा. चौथ्या टिपरमध्ये मी थर्मामीटर खुपसला तर 118. परत पाठवा म्हणालो, पण ऐकलं नाही, माल ओतलाच. गार मालावर रोलर कितीही फिरवा, खडी फुटते पण बसत नाही. त्या तुकड्याचा कोअर हातात घेतला तेव्हा कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी छिद्रं उघडी होती. दबाईचा आकडा आला 89.9 टक्के. पहिल्याच पावसाळ्यात तिथली खडी सुटली.

म्हणून अहवाल मागाल तेव्हा त्या दिवसाचा जीएमएम आणि टिपरगणिक तापमानाची नोंदही मागा. कोअर रस्त्याच्या मधोमधच काढलेत की जोडाजवळ आणि कडेलाही, तेही बघा. दबाई कमी पडते ती तिथेच. आणि भोकं अजून उघडी असतील तर आधी कोरडी करून, गरम माल थराथरानं ठोकून पावसाआधी बुजवून घ्या.