मुलाला बाकावर बसवू नकोस

प्रिय मुली,

तू बुद्धिमत्ता चाचणी घेतलेल्या त्या मुलाचा निकाल ऐकायला शनिवारी त्याची आई, बाबा, आजी येणार, बाबांनी फोनवरच बजावलंय, "त्याला बाहेर बसवा, आम्हाला तेवढा आकडा सांगा." आणि तू विचारतेस, सुरुवात कशानं करू? सुरुवातीचं नंतर बघू. मुलगा खोलीत हवा.

मी एका नऊ वर्षांच्या मुलाला बाहेर बाकावर बसवलं होतं. आत आईबाबांना बुद्ध्यांक सांगितला: ८२. महिन्याभरात तो आकडा घरच्या भांडणात उतरला. "तुझ्या माहेरचीच अक्कल," बाबा म्हणाले. पुढच्या खेपेला मुलानं मला विचारलं, "ब्याऐंशी म्हणजे नापास का?" त्या प्रश्नाचं उत्तर त्याला सगळ्यांच्या आधी मिळायला हवं होतं.

आपण वापरतो ती मॅलिन यांची चाचणी, १९६९ ची, नागपुरात बसवलेली. अकरा उपचाचण्या, शेवटी सरासरी. त्याला ठोकळ्यांच्या रचनेत १०६ होते, ऐकलेले अंक परत सांगण्यात ६१. सरासरीत दोन्ही बुडाले. घरच्यांना ऐकायला हवं होतं ते एवढंच: तीन कामं एका दमात सांगितली की तिसरं त्याच्या हातून निसटतं, तो उद्धटपणा करत नाही. हे त्याच्यासमोर बोलले असते तर त्यानंच दप्तराचं, डब्याचं उदाहरण दिलं असतं.

"त्याला वाईट वाटेल" हे मला पुन्हा लिहू नकोस. दोन तास तो तुझ्यासमोर बसला होता. कुठे अडला ते त्याला तुझ्याआधी कळलंय. बंद दारामागे काय चाललंय याची भीती जास्त वाईट.

तू दाखवलेल्या चित्रांवरून त्यानं रचून सांगितलेल्या गोष्टी मात्र त्याच्या आहेत. गोष्टीतले बाबा घर सोडून गेले असतील, तर ते सत्रात काढण्याआधी त्याला एकट्याला विचार. नाही म्हणाला तर नाही.

मी आकडा लपवते असं काही सहकारी म्हणतात. लपवत नाही. अहवालात तो असतो, चार-पाच गुण इकडेतिकडे होऊ शकतात हेही लिहिलेलं असतं, सवलतीच्या प्रमाणपत्राला तो लागतोच. मुलाच्या पाठीमागे तो उच्चारत नाही, एवढंच. यावर मी वरिष्ठांशी भांडले आहे आणि अजूनही भांडेन.

शनिवारी पाच खुर्च्या मांड. आजी म्हणतील, "याच्या काकाचंही असंच होतं." म्हणू देत, तू मुलाकडे बघ. संपल्यावर फोन कर, कितीही उशीर होवो.

तुझी,
ताई