गोळा, क्षेपणास्त्र आणि गोलंदाजाचा अंदाज

प्रश्न : 'एक्सकॅलिबर'ला बातम्यांत कधी 'अचूक क्षेपणास्त्र' म्हणतात, कधी 'स्मार्ट गोळा'. मराठीत काय म्हणावे? – एक वाचक, दादर

गोळाच म्हणावे. त्याला क्षेपणास्त्र म्हटलेले ऐकून ऐकून कान किटले आहेत. क्षेपणास्त्र स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर हवेतून जाते. एक्सकॅलिबर १५५ मिलिमीटरच्या तोफेतून सुटतो आणि त्याला वेग मिळतो तो नळीत पेटलेल्या दारूमुळे. आपल्या लष्कराच्या एम-७७७ तोफांतूनही तो डागता येतो. हवेत पंख उघडून तो जीपीएसच्या, म्हणजे उपग्रहांच्या, संकेतांवर दिशा बदलतो, पण म्हणून त्याची जात बदलत नाही. 'जे स्वतः वळते ते क्षेपणास्त्र' असे सांगणारे जाणकार भेटतात. त्यांच्या हिशेबाने पाण्याखालचा टॉर्पेडोसुद्धा क्षेपणास्त्र ठरेल!

'अचूक' तर मुळीच नको. चूक झाली की नाही हे गोळा पडल्यावर कळते, आधी नाही. युक्रेनमध्ये रशियाने जीपीएसचे संकेत जाम केले, तेव्हा हेच गोळे भरकटू लागले. मग ते बातमीत कुठल्या तोंडाने अचूक म्हणायचे?

आता खरी गंमत 'गोलंदाज' या शब्दात आहे. आझाद मैदानावर चेंडू टाकणाऱ्याला आपण सर्रास गोलंदाज म्हणतो. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात मात्र गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. गोळा आपला, पुढचे 'अंदाज' फारसी. 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे, त्यावरून तिरंदाज आणि बरकंदाज. बरकंदाज म्हणजे वीज फेकणारा, अर्थात बंदूकवाला शिपाई. आपण अदमास या अर्थाने वापरतो तो 'अंदाज'ही याच घराण्यातला. काही कोशप्रेमी हे दोन्ही अंदाज वेगळे मानतात. मला ते पटत नाही. फेकायचे म्हटले की किती लांब पडेल ते आधी मनात मोजावेच लागते, आणि फेकण्यापासून मोजण्याकडे अर्थ तिथूनच सरकला, असे माझे ठाम मत आहे.

गोलंदाजाचे कामच बघा. वारा, हवेचे तापमान, दारूचे तापमान, नळीची झीज, सगळे धरून तो पहिला गोळा टाकतो. पुढे बसलेला निरीक्षक 'डावीकडे, आणखी २०० मीटर पुढे' असे कळवतो, मग दुसरा, मग तिसरा. लांब पल्ल्यावर साधा गोळा शंभरेक मीटर इकडेतिकडे पडणे नवलाचे नाही. एक्सकॅलिबरला लक्ष्याचे अक्षांश-रेखांश डागण्यापूर्वीच दिले जातात. पुढची दुरुस्ती तो उडता उडता करतो आणि शेवटी जवळजवळ उभा खाली येतो. म्हणून २००७ साली इराकमध्ये तो पहिल्यांदा वापरला गेला, तेव्हापासून वस्तीतले एखादेच घर किंवा आपल्याच सैनिकांच्या जवळचे लक्ष्य टिपायला त्याची निवड होते. साध्या गोळ्यापेक्षा कितीतरी महाग असल्याने तो मोजूनमापून वापरतात. अमेरिकेचा आधीचा कॉपरहेड आणि रशियाचा क्रास्नोपोल हे दिशा बदलणारे गोळे लेसरवर चालतात. तिथे कुणीतरी लक्ष्यावर लेसरचा झोत धरून ठेवावा लागतो आणि ढग किंवा धूर आडवा आला की पंचाईत. एक्सकॅलिबरमध्ये मात्र अंदाज गोलंदाजाच्या डोक्यातून गोळ्याच्या डोक्यात गेला. शब्दाच्या पोटात दोन्ही अर्थ आधीपासून होतेच, हे मला फार सुंदर वाटते.

तेव्हा 'दिशानियंत्रित गोळा' लिहावे. 'स्मार्ट' फोनला शोभतो.

'तोफ'बद्दल कुणी विचारले नाही, तरी सांगतो. हा तुर्की 'तोप', म्हणजे चेंडू, गोल वस्तू आणि तोफही. इस्तंबूलचे तोपकापी म्हणजे तोफदरवाजा, आणि तिथल्या तोपहाने भागाचे नाव आपल्या तोफखान्याचेच. यावरून एक शुद्धिवादी म्हणाले की 'तोफगोळा' ही द्विरुक्ती आहे, 'गोळा' पुरे. साफ चूक! मराठीत तोफ म्हणजे घारापुरीच्या टेकडीवर आहे ते लोखंडी धूड, चेंडू नव्हे. शब्दाचा अर्थ तो बोलणारे ठरवतात, त्याचे आजोळ नाही.