चौकटीतलं चौथं डोकं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गिरणगावच्या १९२८ च्या संपाबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, रशियावरच पत्रं आली की. चार निवडलीत. उत्तरं लहानमोठी झालीत, चालवून घ्या.

प्रश्न : सर, मालवणजवळ आमचं घर आहे. गणपतीच्या भिंतीला लागून आजोबांनी लावलेली एक फ्रेम आहे. आजोबा परळला गिरणीत साच्यावर होते, युनियनवाले. फ्रेममधे मार्क्स, एंगल्स, लेनिन, आणि चौथ्या डोक्यावर खाकी कागद चिकटवलाय, उजेडात धरलं की खालून मिशी दिसते. यंदा भिंत रंगवायला काढली तर पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो लाखो माणसं मारणाऱ्यांचे फोटो गणपतीशेजारी कशाला, काढून टाका. आमचे काका ८१ वर्षांचे, ते म्हणतात, "माझ्या बापाशीन लावलेलो फोटो, मी काढूक देवचंय नाय." त्यांच्या मते लेनिन देवमाणूस, वाट लावली ती स्टालिनने. घरात दोन पार्ट्या झाल्यात. बरोबर कोण?

उत्तर : मिशी दिसते म्हणजे स्टालिनच, त्यात शंका नको. कागद कधी लावला ते तुमच्या घरात कोणाला आठवत नसेल, पण माझा अंदाज १९५६ नंतर. त्या वर्षी २५ फेब्रुवारीला स्टालिननंतरचा पक्षप्रमुख ख्रुश्चेव्हने मॉस्कोत बंद दाराआड भाषण करून स्टालिनचे खून, खोटे खटले सगळं काढलं आणि जगभरच्या कॉम्रेड लोकांच्या पायाखालची वाळूच सरकली. पुढे १९६१ मधे तर लेनिनशेजारी ठेवलेला स्टालिनचा देह रात्रीतून उचलून बाहेर पुरला आणि स्टालिनग्राडचं व्होल्गोग्राड केलं. म्हणजे मॉस्कोच्या सरकारनेही खाकी कागदच लावला म्हणा ना. आजोबांनी मात्र आपल्या हाताने खळ लावून लावला, आणि ज्या माणसाच्या नावाने आपण मुंबईत घोषणा दिल्या त्याच्यावर कागद चिकटवणं ही सोपी गोष्ट नसणार हो. त्या पिढीला स्टालिन म्हणजे हिटलरला हरवणारा, आपल्या अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडवर पोवाडा केला तो काळ. युद्धात सोव्हिएत बाजूची पावणेतीन कोटींच्या आसपास माणसं गेली, ते प्रेम उगाच नव्हतं.

आता चुलतभावाचं. स्टालिनबद्दल त्याचं म्हणणं खरंय, तिथे वाद घालू नका. १९३७-३८ या दोन वर्षांतच सरकारी दप्तराप्रमाणे ६ लाख ८० हजारांवर माणसांना गोळ्या घातल्या, त्यात क्रांतीतले जुने कॉम्रेडच किती. आपला वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचा सख्खा भाऊ, तोही १९३७ मधे तिकडेच संपवला गेला, हे आपल्याकडे फार कोणी सांगत नाही.

पण काकांचं "लेनिन देवमाणूस" हे मला पटत नाही आणि काकांना राग आला तर येऊ दे. लेनिनने शेवटच्या आजारपणात, ४ जानेवारी १९२३ ला, सांगून लिहून घेतलं की स्टालिन फार उद्धट आहे, त्याला सरचिटणीस पदावरून हलवा. हे खरं, आणि काका बहुतेक याच्यावरच विसंबून आहेत. पण ११ ऑगस्ट १९१८ ची रशियातल्या पेंझा प्रांताला पाठवलेली तार पण त्याचीच ना? त्यात लिहिलंय की निदान शंभर कुलक, म्हणजे सधन शेतकरी, फासावर द्या, आणि लोकांना दिसेल असे द्या. काही जण म्हणतात लेनिनवर गोळ्या झाडल्या म्हणून तो कडक झाला, तर त्या गोळ्या ३० ऑगस्टच्या, तार त्याच्या आधीची. निवडून आलेली संविधान सभा जानेवारी १९१८ मधे एका दिवसात बंद पाडली ती कोणी? चेका नावाचं गुप्त पोलीस खातं डिसेंबर १९१७ चं, पक्षात गट करायला बंदी १९२१ ची. स्टालिनला विहीर खणावी लागली नाही, खणलेली मिळाली, त्याने त्यात माणसं ढकलली.

तरी दोघांना एका मापाने मोजणं पण मला जमत नाही. १९२१ मधे धान्याची टंचाई आणि क्रोनश्टाटच्या नाविक तळावरचं खलाशांचं बंड बघून लेनिन मागे सरला, शेतकऱ्याला धान्य बाजारात विकायला मोकळीक दिली, चुकलं तर वाट बदलायची ही अक्कल त्याच्याकडे होती. स्टालिन चुकला की हिशोब मांडणाऱ्यालाच उचलायचा, १९३७ च्या जनगणनेत माणसं कमी भरली तर मोजणारे तुरुंगात.

आणि एक गंमत चुलतभावाला सांगा, लेनिनवर रागावणारे सगळे एका बाजूचे नाहीत. युक्रेनवाल्यांनी त्याचे पुतळे पाडले कारण तो त्यांना मॉस्कोच्या सत्तेची खूण वाटतो, आणि पुतीनने फेब्रुवारी २०२२ मधे भाषणात राग काढला की युक्रेन हा देशच लेनिनने करून ठेवला. एकच माणूस, दोन्हीकडून शिव्या, कारणं उलटी.

फोटोचं म्हणाल तर काढू नका आणि कागदही सोलू नका. तो कागद आजोबांचं मत आहे, ते पुसायचा हक्क ना पुण्याला ना काकांना. पण गणपतीच्या भिंतीवरून ओटीवर घ्या, मागची भिंत पावसात ओल धरते, आणि खळीला वाळवी लागायला वेळ लागत नाही.

प्रश्न : स्टालिनऐवजी ट्रॉट्स्की आला असता तर रशिया वाचला असता असं आमच्या ग्रुपमधे एकजण छातीठोकपणे सांगतो. तुम्हाला काय वाटतं? (कॉलेज विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : मेलेल्या म्हशीला मणभर दूध. ट्रॉट्स्की हुशार होता, वक्ता भारी, लाल सेना त्याने उभी केली. १९२९ मधे देशाबाहेर काढला, १९४० मधे मेक्सिकोत स्टालिनच्या माणसाने बर्फ फोडायची कुदळ डोक्यात घातली, त्यामुळे त्याच्याबद्दल मनात हळवा कोपरा राहतो. पण क्रोनश्टाटच्या ज्या खलाशांनी १९१७ मधे क्रांतीला खांदा दिला, त्यांनीच १९२१ मधे सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या पंचायतींच्या, मोकळ्या निवडणुका मागितल्यावर त्यांच्यावर सैन्य गेलं तेव्हा लष्कराचा प्रमुख हाच होता. कामगारांना सैनिकासारखी शिस्त लावा असं १९२० मधे सांगणाराही हाच. मित्राला विचार, गिरणीतल्या आपल्या माणसांना ते चाललं असतं का.

प्रश्न : लेनिनने शेतकऱ्याला जमीन दिली. आपल्याकडे खोती गेली, कुळकायदा आला, तो त्याचाच परिणाम ना? आमच्या घरी लहानपणापासून असंच ऐकलंय. (गुहागर)

उत्तर : वारं तिकडून आलं हे खरं, पण नांगर इथल्या माणसांनी धरला. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची, जमीन कसली नाही, नारायण नागू पाटील पुढे होते, पोरंबाळं रानातला लाकूडफाटा विकून जगली. १९३७ मधे बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिल मांडलं, जानेवारी १९३८ मधे कोकणातली कुळं मुंबईत कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेली, त्यात लालबावटेवाले, म्हणजे कम्युनिस्टही, होते. महाडच्या सत्याग्रहात राबलेले रा. भि. नव्हे हो, रा. बा. मोरे (मागे एकदा माझ्याकडून आद्याक्षर चुकलं होतं, पत्रांचा पाऊस पडला) पुढे कम्युनिस्टच झाले. खोती कायद्याने गेली १९४९ मधे, कुळ मालक झालं १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने. मतपेटीतून, विधानसभेतून, कोर्टकज्जे करत करत. बाबासाहेबांना मार्क्सचे प्रश्न मान्य होते, रक्त सांडायची आणि हुकूमशाहीची वाट नव्हती, हे त्यांनी १९५६ मधे काठमांडूला स्पष्टच सांगितलं.

आणि "दिली" म्हणताय त्याचं पुढचं पण बघा. लेनिनचा जमिनीचा हुकूम क्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी निघाला, शेतकरी खूष. बारा वर्षांनी स्टालिनने तीच जमीन सामुदायिक शेतीत ओढली. ७ ऑगस्ट १९३२ चा एक कायदा आहे, सामुदायिक शेतातलं धान्य उचललं तर गोळी, आणि सूट मिळाली तर दहा वर्षं तुरुंग. लोकांनी त्याला कणसांचा कायदा नाव ठेवलं. आपल्याकडे भात कापून झालं, भारे खळ्यावर गेले की बायका-पोरं चोंढ्यात सरवा वेचायला उतरतात, माझी आई पदरात लोंब्या घेऊन यायची, त्या उकडून पेज व्हायची, आणि त्याला चोरी म्हणायची खोताचीसुद्धा कधी हिंमत झाली नाही. तिकडे त्याच सरव्यासाठी माणसं तुरुंगात गेली आणि त्याच हिवाळ्यात युक्रेनमधे लाखो माणसं भुकेने मेली. सामुदायिक शेतीवरच्या शेतकऱ्याला स्वतःचा पासपोर्ट मिळायला लागला तो १९७४ नंतर, तोवर गाव सोडून शहरात राहायचं तर परवानगी लागायची. आपला चाकरमानी बोटीत बसून सरळ मुंबईला जायचा, कोणाला विचारून?

हे सगळं मी लेनिनच्या खात्यावर टाकत नाही, पण घरी ऐकलेली गोष्ट अर्ध्यावर थांबली होती म्हणून उरलेली सांगितली.

प्रश्न : ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात का साजरी करतात? मुलाने विचारलं, मला सांगता आलं नाही. (चिपळूण)

उत्तर : तेव्हा रशियात जुनं कॅलेंडर होतं, आपल्यापेक्षा तेरा दिवस मागे. त्यांचा २५ ऑक्टोबर म्हणजे आपला ७ नोव्हेंबर १९१७. कॅलेंडर लेनिनच्या सरकारनेच १९१८ मधे बदललं, नाव जुनंच राहिलं. मुंबईत गिरणी कामगारांचा, संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह बिलाविरुद्धचा एक दिवसाचा संप ७ नोव्हेंबर १९३८ लाच झाला होता, बाबासाहेब आणि लालबावटा दोघांनी मिळून केलेला. मालवणच्या फ्रेमवाल्यांनी काकांना विचारून बघा, आजोबा त्या दिवशी कामावर गेले होते का घरी होते.