वेकोलिची नोकरी की खाण अभियांत्रिकीची पदवी?

प्रश्न : आम्ही वणी तालुक्यातले शेतकरी आहोत. आमची चार एकर दहा गुंठे जमीन वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीच्या, नव्या खाणीच्या क्षेत्रात येते, अशी कलम 4 ची अधिसूचना निघाली आहे. मोठा मुलगा बी.ए. होऊन घरीच आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीत गुण चांगले आहेत आणि ती मायनिंगला जाण्याचा हट्ट धरून बसली आहे. भावकीतले म्हणतात, दोन एकरांना एक नोकरी मिळते, तेव्हा दोघांचीही नावे लावून मोकळे व्हा. कंपनी उत्पादन वाढवणार, कोळशाशिवाय दुसऱ्या खनिजांतही उतरणार, असे पेपरात येत असते. मग चार वर्षे शिकण्यात कशाला घालवायची? शिवाय मुलीची जात, ती खाणीत कशी टिकेल? (सातबारा अजून माझ्या दिवंगत वडिलांच्या नावावर आहे.)

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील तुम्ही सहज लिहून गेला आहात, तो म्हणजे कलम 4. कोळसाधारक क्षेत्रांच्या संपादनाचा जो 1957 चा कायदा आहे, त्यातल्या या कलमाने जमीन कोणाचीही जात नाही. या भूभागात कोळसा आहे का, असल्यास किती खोल आणि किती जाडीचा, याचा शोध घेण्याचा सरकारचा इरादा एवढ्यापुरतीच ती अधिसूचना असते. तिची मुदत दोन वर्षांची असून ती फार तर एक वर्षाने वाढवता येते. त्या अवधीत कलम 7 खाली संपादनाच्या इराद्याची अधिसूचना निघावी लागते. त्यानंतर हरकतींसाठी तीस दिवस मिळतात आणि कलम 9 ची घोषणा तीन वर्षांच्या आत झाली नाही, तर कलम 7 ची अधिसूचनाच रद्द होते. ही सारी कमाल मुदत धरली तर सहा वर्षे होतात आणि तुमच्या मुलीची पदवी चार वर्षांची आहे. कंपनीने घाई केली तरी जमिनीचा निर्णय आणि मुलीचे शिक्षण यांत एकाची निवड करण्याची वेळ आज आलेली नाही. यंदाची कपाशी तुम्ही नेहमीसारखीच पेरणार आहात.

आता विस्ताराच्या बातम्यांकडे वळू. कोल इंडियाचे, म्हणजे वेकोलिच्या पालक कंपनीचे, 100 कोटी टनांचे उद्दिष्ट तुम्ही अनेकदा वाचले असेल. प्रत्यक्षात 2023-24 मध्ये कंपनीने 77 कोटी 36 लाख टन कोळसा काढला आणि 2024-25 मध्ये सुमारे 78 कोटी 10 लाख टन, म्हणजे वर्षभरातली वाढ एक टक्क्याच्या आसपास भरली. त्यात आपल्या वेकोलिचा वाटा साधारण 6 कोटी 90 लाख टनांचा होता. याहून बोलका आकडा मनुष्यबळाचा आहे. स्थापनेनंतरच्या काळात सहा लाखांच्या वर कर्मचारी असलेल्या कोल इंडियात आज सव्वादोन लाखांच्या आसपास लोक आहेत आणि कोळसा मात्र कितीतरी पटींनी वाढला आहे. टन वाढले म्हणजे नोकऱ्या वाढल्या, हा हिशोब या धंद्यात कधीच जुळला नाही. कोळशावरची माती काढण्याचे, म्हणजे ज्याला खाणीवर सगळे ओबी म्हणतात त्याचे, बरेचसे काम आता कंत्राटदारांच्या यंत्रांवर चालते. खाणीतून थेट सायलोपर्यंत, म्हणजे साठवणीच्या उंच टाकीपर्यंत, कोळसा वाहून नेणारे यांत्रिक पट्टे जिथे बसतील, तिथे घुग्घुसच्या रस्त्यावर दिसते तशी ट्रकांची रांग आखूड होईल आणि इलेक्ट्रिशियन व उपकरणांच्या तंत्रज्ञांची गरज वाढेल.

म्हणून विस्ताराची बातमी वाचताना किती टन हे विचारण्याऐवजी प्रकल्प कोणत्या टप्प्यावर आहे, हे विचारायला शिकावे. तुमच्या शेतात सध्या फक्त बोअर मारणारे येतील. हे काम भूगर्भशास्त्रज्ञांचे असते आणि कोल इंडियाच्या नियोजन संस्थेची, सीएमपीडीआयची, एक प्रादेशिक शाखा नागपुरातच आहे. त्यानंतर प्रकल्प अहवाल, जनसुनावणीसह पर्यावरण मंजुरी, भूसंपादन, ओबी आणि शेवटी कोळसा असा क्रम लागतो. अनेक प्रकल्प भूसंपादन आणि मंजुऱ्यांच्या पायरीवर वर्षानुवर्षे थांबतात. प्रत्येक टप्प्यावर वेगळी माणसे लागतात, आणि यांतल्या बहुतेक टप्प्यांवर ज्याचे शिक्षण उपयोगी पडते असा माणूस खाण अभियंताच असतो.

काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन उमरेडकडच्या एका खुल्या खाणीवर गेलो होतो. महिनाअखेर होती, त्यामुळे मोजमाप सुरू होते. खाली डंपर काडेपेटीएवढे दिसत होते आणि काठावर सर्व्हेअर ड्रोन उतरवून घेत होता. त्याने लॅपटॉपवर मागच्या महिन्याची आणि या महिन्याची खाण एकावर एक ठेवून दाखवली. त्या दोन चित्रांमधला जो फरक, तेवढ्या ओबीचे बिल कंत्राटदाराला मिळणार होते. आमच्यातल्या एका मुलीने विचारले, पावसाचे पाणी साचले असेल तर त्याखालचे कसे मोजता? तो हसला आणि म्हणाला, खरे भांडण तिथेच होते. खाणीतली नोकरी म्हणजे घमेले आणि फावडे, हे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर असेल, तर त्याच्या शेजारी हेही चित्र ठेवावे.

मुलीची जात हा तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण दीर्घकाळ कायद्यानेच स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यास मनाई केली होती. मात्र केंद्र सरकारने 29 जानेवारी 2019 रोजी अधिसूचना काढून तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामांसाठी स्त्रियांना भूमिगत खाणीत सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेत काम करण्याची सशर्त मुभा दिली. झारखंडमधल्या सेंट्रल कोलफील्ड्सच्या चुरी भूमिगत खाणीत आकांक्षा कुमारी यांनी 2021 मध्ये खाण अभियंता म्हणून पदभार घेतला, तो या बदलानंतरच. अडचणी संपल्या असे मी म्हणणार नाही. अनेक जुन्या खाणींवर स्त्रियांसाठी धड स्वच्छतागृहही नसते आणि वरिष्ठ मंडळी मुलींना कार्यालयातच बसवून ठेवण्याकडे झुकतात. तुमच्या मुलीने नेमके हेच टाळायला हवे. खाणीचा व्यवस्थापक होण्यासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीएमएसचे, सक्षमता प्रमाणपत्र लागते. ते फक्त खुल्या खाणींपुरते मर्यादित घेता येते किंवा भूमिगत अनुभवासह अमर्यादित. पदवीनंतर तिने सुरुवातीलाच जमिनीखालचा अनुभव मागून घ्यावा, कारण पुढे चाळिशीत तो मिळवणे फार अवघड जाते.

इतर खनिजांविषयी थोडक्यात सांगतो. कोल इंडिया ग्रॅफाइटसारख्या खनिजांकडे वळते आहे, सौर ऊर्जेतही उतरली आहे आणि वेकोलिने तर ओबीतून वाळू काढून दाखवली आहे. पण या नव्या शाखांवर आज करिअर बेतणे म्हणजे न उगवलेल्या पिकावर कर्ज काढणे होईल. खनिजांत विविधता हवीच असेल, तर ती शंभर वर्षांहून जुनी अशी नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत आहे. मॅंगनीज काढणाऱ्या मॉइलचे मुख्यालय नागपुरात असून 2024-25 मध्ये तिने सुमारे 18 लाख टन उत्पादन घेतले. एकच गोष्ट ध्यानात असू द्या : पदवी दोन्हीकडे चालते, पण डीजीएमएसची प्रमाणपत्रे कोळसा आणि धातू खनिजे यांसाठी वेगवेगळी असतात.

प्रवेशाच्या बाबतीत, जेईई मेनचा गुणांक असेल तर नागपूरच्या व्हीएनआयटीला आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्ड दिली असेल तर धनबादच्या आयआयटीला पहिली पसंती द्यावी. केवळ सीईटी असेल तर राज्यातल्या महाविद्यालयांपैकी खाणपट्ट्याला जवळचे निवडावे. नंतर अभियांत्रिकी पदवीधरांच्या गेट परीक्षेतून कोल इंडियात व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी म्हणून निवड होते, मूळ वेतन 50,000 रुपयांपासून सुरू होते, पण जागा दरवर्षी सारख्या निघत नाहीत. जमिनीच्या बदल्यातली नोकरी साधारणतः जनरल मजदूर या पायरीपासून सुरू होते. तिथून वर चढलेली माणसे मी पाहिली आहेत, परंतु ज्या मुलीला आजच पदवीचा प्रवेश मिळतो आहे तिने त्या पायरीवर उभे राहण्याचे कारण मला दिसत नाही. मुलाची गोष्ट वेगळी आहे. ती नोकरी त्याच्या उपयोगाची आहे, मात्र तोवर घरी बसण्याऐवजी त्याने आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड पूर्ण करावा.

शेवटी त्या कंसातल्या वाक्याविषयी. दोन एकरांना एक नोकरी हे कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात आहे, पण ते खातेदाराच्या हिश्श्याला लागू होते. सातबारा वडिलांच्या नावावर असेल, तर तुमचे भाऊ आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीही वारस आहेत आणि चार एकर दहा गुंठे तुमचे एकट्याचे नाहीत. भावकी ज्या दोन नोकऱ्या मोजते आहे, त्यांतली कदाचित एकही पूर्ण तुमच्या वाट्याला येणार नाही. तेव्हा मुलीच्या प्रवेशाची पसंती भरून झाली की दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे जाऊन वारस नोंदीचा अर्ज द्या आणि जाण्यापूर्वी बहिणींना फोन करा.