खरं घर की शाळेचं घर?

फेब्रुवारी-मार्च आला की समुपदेशनासाठी माझ्याकडे आई-बाप एकच काळजी घेऊन येतात. "मॅडम, आमच्या गल्लीतल्या शाळेत आता नुसती मजुरांची पोरं उरली. तिथं घातलं तर आमच्या पोराचं कसं होईल?" धुळ्यातले असोत, साक्रीचे असोत की शिरपूरचे, शब्दसुद्धा जवळजवळ तेच. म्हणून एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील मालवाहू रिक्षा चालवतात, आई घरी ब्लाउज शिवते. मुलगा नुकताच सहा वर्षांचा झालेला. महापालिकेची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. आई म्हणाली, "मी तिथंच शिकले. तेव्हा दुकानदाराची, मास्तरांची, हमालाची पोर एकाच बसकरावर असायची. आता ज्याच्या हातात दोन पैसे आले, तो व्हॅन लावतो."

मग खरी गोष्ट निघाली. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखल्या आहेत. प्रवेश सोडतीने होतो आणि एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा नंबर आधी लागतो. यांना हव्या असलेल्या खाजगी शाळेपासून यांचं घर त्या अंतरात बसत नव्हतं. म्हणून त्या शाळेजवळच्या एका खोलीचा नावापुरता भाडेकरार करायचं ठरत होतं. "सगळेच करतात," आई म्हणाली.

पोरगा खुर्चीवर पाय हलवत बसला होता. मी सहज विचारलं, "बाळा, तू राहतोस कुठे?"

त्याने आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे. हळूच म्हणाला, "खरं घर सांगू का शाळेचं घर?"

खोलीत कुणीच काही बोललं नाही. आईने पदर तोंडाला लावला. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला या कामात फार उशिरा जमलं, पण त्यानेच सगळ्यात जास्त काम केलं आहे.

मुलाआधी घर बघायचं, ही माझी पद्धत. पोराची काळजी म्हणून जे समोर येतं, त्यात आई-बापाचा एखादा जुना सल असतो. तिसऱ्या भेटीत वडिलांनी तो सांगितला. एका मोठ्या शाळेत ते बाकं पोचवायला गेले होते. वॉचमनने रिक्षा आत घेतली, यांना मात्र बाहेर थांबायला सांगितलं. "त्याच गेटातनं माझा पोरगा आत गेला पाहिजे, एवढंच डोक्यात बसलं," ते म्हणाले आणि एकदम अहिराणीवर आले, "मना पोऱ्याले मनी लाज वाटाले नको."

माझ्या मते सगळी गाठ इथे होती. बापाची लाज पोराच्या वाट्याला येऊ नये म्हणून धडपड चालली होती आणि त्याच धडपडीत सहा वर्षांचं पोर स्वतःचं घर लपवायला शिकत होतं. श्रीमंतांची शाळा वेगळी आणि गरिबांची वेगळी ही दरी खरी आहे. कोठारी आयोगाने १९६६ सालीच शेजारशाळा सुचवली होती, म्हणजे एका वस्तीतली सगळी मुलं एकाच शाळेत. ते झालं नाही, आणि त्याचं ओझं एकट्या आईने वाहायचं कारण नाही.

मी त्यांना सांगितलं, फॉर्म जरूर भरा, पण स्वतःच्या पत्त्यावर. पत्ता खोटा निघाला तर प्रवेश रद्द होतो. नंबर लागला तर ताठ मानेने घ्या. ही जागा कुणाची मेहरबानी नाही, हक्क आहे. २०२४मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असलेल्या खाजगी शाळांना सरकारने यातून सूट दिली होती, ती उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. मात्र मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीची फी कुठून आणणार, याचा विचार आजच करा.

आणि गल्लीतली शाळा कुणाच्या सांगण्यावरून नापास करू नका. तासभर वर्गात बसून या. तिसरीच्या पोराला पुस्तक वाचायला सांगा. किती मुलांमागे किती शिक्षक आहेत, ते मोजा. पहिली ते पाचवीला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, असं कायदा म्हणतो. पोर घरी अहिराणी बोलतं म्हणून बाई त्याला हसतात की त्याच्याच बोलीतून पुढे नेतात? मला स्वतःला ही गोष्ट इमारतीच्या रंगापेक्षा फार मोठी वाटते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे जाऊन बसा. बोलणारे पालक निघून गेले की शाळेसाठी भांडणारं कुणी उरत नाही.

ते दोघं खरंच जाऊन आले. बाई चांगल्या होत्या, पण मुलांच्या पाण्याच्या टाकीला नळ नव्हता. सोडतीत नंबर लागला नाही. जूनमध्ये पोरगा गल्लीतल्याच शाळेत गेला, शेजारची आणखी दोन मुलंही. तीन घरांनी मिळून ठरवलं होतं.

दिवाळीनंतर आईचा फोन आला. इंग्रजीची धाकधूक अजून आहे म्हणाली, रोज रात्री मशीन बंद करून पोराजवळ बसते. वडील समितीत गेले आहेत. नळासाठी दोनदा अर्ज देऊन झाला, तिसरा लिहायचा होता. त्यातला मजकूर बरोबर आहे का, एवढं विचारायला तिने फोन केला होता.