भोगवेला जाताना तिथी बघा

प्रश्न : आम्ही दोघंच फेब्रुवारीत चार दिवस कोकणात जाणार आहोत. गर्दी नको, धावपळ नको. कुठे राहावं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सिंधुदुर्गातलं भोगवे निवडा आणि चारही दिवस तिथेच राहा. रोज मुक्काम हलवला की सुट्टी गाडीतच सरते. रेल्वेने कुडाळला उतरा, पुढे परुळेमार्गे रिक्षा किंवा गाडी करा. एटीएमचं काम कुडाळातच उरका.

तारीख ठरवताना मात्र आधी कालनिर्णय काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी वर आलेलं आणि चालायला वाळू थोडीच. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती साडेअकराच्या आसपास, त्यामुळे ओहोटी साडेपाचला: सूर्यास्ताच्या वेळी ओली, घट्ट वाळू लांबवर मोकळी मिळते. आमच्या मते हेच दिवस घ्यावेत. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, तेवढं धरून चाला.

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पोहू नका. ओहोटीला खाडीचं पाणी जोरात बाहेर जातं आणि माणसाला सोबत ओढतं. वरून पाणी शांत दिसतं, म्हणूनच फसायला होतं. तिथून लांब, चढत्या भरतीत, गुडघाभर पाण्यातच डुंबा.

जेवण सकाळीच सांगून ठेवा, मासळी तेव्हाच घेतली जाते. निवतीचा किल्ला उन्हं उतरल्यावर करा.